बोटाच्या आकाराची चूक

रोज सकाळी नऊला बाकीचे आपापल्या टेबलाशी जायचे आणि ती हात दाखवायला उभी राहायची.

आधी तळवे, मग पालथे हात. समोर मोजपट्टी. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण इतका उंच, इतका सरळ आणि चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालणारा माणूस दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखला जाणार? तो तिच्या तळव्यावर टिपकागदाचा पातळ चौकोन दाबायचा, उचलायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. कागदावर तेलकट डाग दिसला तर पुन्हा हात धुऊन यायचं. नाही दिसला तर,

“पास. बसा आईसाहेब.”

कुणीतरी खुसखुसायचं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून ती इथे आईसाहेब झाली होती. तीही हसायची. पुढे सगळं बाहेर आल्यावर तिला सर्वांत जास्त झोंबलं ते हेच, की तीन आठवडे ती हसत होती.

कंपनी छोटी, आठ माणसांची. काम प्लास्टिकचं, पण बादल्या-डब्यांचं नव्हे. काड्यापेटीएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटवर प्रोटीनचे बारीक ठिपके उमटवायचे, ओळीत, चोवीस. प्रत्येक ठिपक्यात वेगळं प्रोटीन, म्हणजे पुढे दवाखान्यात रक्ताचा एकच थेंब टाकला की चोवीस गोष्टी एकदम कळाव्यात. ऐकायला सोपं. पण प्लास्टिक हा मोठा माणूसघाणा पदार्थ. त्याला कुणाशीच सोयरीक नको असते. पाणी टाका, घरंगळतं. प्रोटीन टाका, धुताना निघून जातं. म्हणून आधी प्लेटा प्लाझ्माच्या मशीनमध्ये ठेवायच्या. आतली हवा ओढून घेतली की आत जांभळा उजेड पेटतो आणि तीन मिनिटांत त्या प्लास्टिकची वरची कातडी बदलून जाते. तिच्यावर जणू बारीक आकडे फुटतात आणि त्या आकड्यांना प्रोटीन घट्ट धरून बसतं. मग मऊ सिलिकॉनचा शिक्का प्रोटीनमध्ये बुडवून प्लेटवर अलगद टेकवायचा. झाले चोवीस ठिपके.

तो शिक्का तिचा होता. पोटात सातवा महिना असताना, दर अर्ध्या तासाला बाथरूमला पळत, तिने तो साचा बनवला होता. ठिपके एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधल्या जागेत चर ठेवायची युक्तीही तिचीच. रजेवरून ती आली ती या शिक्क्यावर काम करायला.

आली, आणि दोन महिन्यांत ठिपके फाटायला लागले.

पाचातल्या तीन खेपा वाया. मायक्रोस्कोपखाली ठिपके उंदराने कुरतडल्यासारखे दिसायचे, कुठे मधोमध भोक, कुठे दोन ठिपक्यांचा एकच ओघळ. बुधवारच्या बैठकीत कंपनीचे प्रमुख असलेल्या सरांनी टेबलावर बोटं जुळवून विचारलं, “गेल्या दोन महिन्यांत आपल्याकडे नवीन काय झालं?”

सर कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर समोरच्यालाही चढवता आला असता.

सात मानांपैकी चार तिच्याकडे वळल्या.

“मॅडम, राग मानू नका,” मोजपट्टी म्हणाला, “पण तुमच्या हाताला कसला तरी वास येतो. मलमासारखा.”

“मुलीचं आहे,” ती लगेच म्हणाली. लपवण्यासारखं होतं काय त्यात? “तिची कातडी फार कोरडी आहे. खाजवून खाजवून रक्त काढते. दिवसातून चार वेळा सगळ्या अंगाला मलम लावावं लागतं.”

“व्हॅसलीनसारखं? तेलकट?”

“हो, पण मी ग्लोव्ह्ज घालते की.”

“ग्लोव्ह्ज घालताना बाहेरून हात लागतोच ना,” सर मृदूपणे म्हणाले. आणि लॉगबुक पुढे ओढून त्यांनी लिहिलं. तिला उलटं वाचता आलं. कारण : कर्मचाऱ्याच्या हाताची चरबी. पुढे कंसात तिच्या नावाचं आद्याक्षर. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

ठरलं असं, की तिने महिनाभर प्लेटांना हात लावायचा नाही. लेबलं चिकटवायची, पिशव्या तयार ठेवायच्या, आणि त्याआधी रोज सकाळी मोजपट्टीला हात दाखवायचे. महिना संपला की ती टेबलावर परत येणार की कायमची पॅकिंगला जाणार, ते सर बघतील. शिक्का तोवर मोजपट्टीकडे.

आणि तिला ते पटलं, हीच तर खरी गंमत. काळजी हा तिचा जन्माचा धंदा. गॅस बंद केलाय का म्हणून दोनदा जिन्यातून परत येणारी बाई ती. तिला कुणी सांगितलं असतं की तुझ्या श्वासाने ठिपके फाटतात, तर तिने श्वास रोखून बघितला असता.

त्याच दिवशी घरी गेल्यावर तिने मलमाची डबी नवऱ्याच्या हातात दिली. “आजपासून तू लावायचं.”

“मी? अगं, मला तिचं झबलं उलटं की सुलटं कळत नाही.”

“शिकशील.”

तो शिकला. ती मात्र अकरा महिन्यांच्या लेकीला, चिमणीला, टॉवेलमध्ये गुंडाळून घ्यायला लागली, म्हणजे कातडीला कातडी लागायला नको. भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. पहिले काही दिवस संध्याकाळी मलमाची वेळ झाली की चिमणी तिच्यासमोर येऊन बसायची, पोट पुढे काढून, झबलं आपल्या हाताने वर धरून. लाव, म्हणून. आणि ती हात पाठीमागे धरून म्हणायची, “बाबाकडे जा. जा राणी, बाबा लावेल.” पोर बघत राहायची. मग एक दिवस ती समोर येऊन बसेनाशी झाली.

तिसऱ्या आठवड्यात चिमणीला ताप आला आणि तिने दोन दिवस सुट्टी घेतली. परत आली तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. ती नसताना काढलेली खेपही फाटली होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला. दोन दिवस मी इथे नव्हतेच! एवढं तर आंधळ्यालाही दिसेल. तिने लॉगबुक उघडलं.

कारण : आधीची चरबी मशीनच्या ट्रेमध्ये राहून गेली असावी. आणि पुन्हा कंसात तेच आद्याक्षर.

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कानामागून काहीतरी गरम वर चढत गेलं. म्हणजे मी असले तरी मीच, आणि नसले तरी मीच. उद्या मी मेले तर म्हणतील, भूत येऊन शिक्के मारतंय. तीन आठवडे जी भीती तिच्या मानगुटीवर बसली होती ती त्या एका ओळीने उतरवली आणि तिच्या जागी जे आलं ते इतकं स्वच्छ होतं, की तिला आधी ओळखूच आलं नाही. तो राग होता. फार दिवसांनी भेटला.

ती पिशव्यांच्या टेबलाशी जाऊन बसली. काम तर करायचंच होतं. मशीनमधून निघालेल्या प्लेटा शिक्का मारेपर्यंत या झिपच्या पिशव्यांत राहायच्या, प्रत्येकीवर तिने चिकटवलेलं लेबल. ती रागारागाने एकेक पिशवी अंगठ्याने उघडत होती. धुऊन धुऊन तिची बोटं सालपटली होती, शेंड्यांना चिरा पडल्या होत्या. लेबलाचा कागद बोटांना अडकायचा. लोकरीचा धागा अडकायचा. सकाळी ओढणी अडकली होती. पण पिशवी अडकत नव्हती. पिशवीवरून तिचं खरबरीत बोट बर्फावरून सरकावं तसं सरकत होतं.

तिने पुन्हा फिरवून बघितलं. सुळ्ळकन.

माझी बोटं तर किसणीसारखी झालीत. मग हे बुळबुळीत कोण आहे?

लॉगबुक परत उघडलं. या वेळी कारणं नाही, तारखा बघितल्या. झिपच्या पिशव्या आल्या त्याला दोन महिने झाले होते. त्याआधी प्लेटा काचेच्या बरण्यांत असायच्या. बरण्या जागा खातात, लेबलं नीट बसत नाहीत, म्हणून मोजपट्टीने त्या बंद केल्या होत्या. आणि ज्या दोन खेपा चांगल्या निघाल्या, त्या दोन्ही मशीनमधून निघाल्यावर तासाभरात शिक्का मारलेल्या. फाटलेल्या सगळ्या पिशवीत रात्रभर राहिलेल्या. चांगल्या दोन्ही खेपांच्या वेळी ती टेबलावर होती, मलमाच्या वासासकट.

मशीन चालवणारे काका तिच्या वडिलांच्या वयाचे. ती त्यांच्यापाशी गेली. “काका, जाताना मला नऊ प्लेटा काढून द्याल? कुणाला बोलू नका.”

काकांनी चष्म्यावरून बघितलं. “तुलापण? चार बरणीत, चार पिशवीत?”

ती थबकली. “‘पण’ म्हणजे? अजून कुणी नेल्या?”

“तुझ्या मोजपट्टीने. पंधरा दिवस झाले असतील. मला म्हणाला, कुणाला बोलू नका.” काका हसले आणि तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. “का गं पोरी? काय झालं?”

“काही नाही. मला एक जास्तीची लागेल.”

त्या संध्याकाळी चार प्लेटा स्वच्छ बरणीत गेल्या, चार पिशवीत. नववी दुसऱ्या बरणीत, एकटी. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

सकाळी मोजपट्टी टिपकागद घेऊन उभा होता. ती त्याच्यासमोरून सरळ बैठकीच्या खोलीत गेली.

“मॅडम, हात...”

“आत या. आत दाखवते. सगळ्यांनाच दाखवते.”

तिने टेबलावर पांढरा कागद पसरला, वर आठ प्लेटा दोन ओळींत मांडल्या आणि एका बारीक नळीने प्रत्येकीवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. बरणीतल्या चारही प्लेटांवर पाणी लगेच पसरलं, सपाट, दिसेनासं झालं. पिशवीतल्या चारांवर ते गोल गोल थेंब होऊन ताठ बसून राहिलं.

“ह्यांना कुणाचा हात लागलेला नाही,” ती म्हणाली. “काकांनी चिमट्याने घातल्या, मी चिमट्याने काढल्या. ह्या बरणीतल्या, ह्या पिशवीतल्या. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून बनवतानाच त्यांच्यात मेणासारखं काहीतरी घालतात. ते हळूहळू वर येतं आणि प्लेटला लागतं. रात्रभरात सगळे आकडे बुजतात.”

कुणीतरी “अरेच्चा” म्हणालं. सर पुढे वाकले.

“थांबा, अजून आहे.” तिने पर्समधून मुलीच्या मलमाची डबी काढली, भरपूर मलम बोटावर घेतलं आणि सगळ्यांदेखत नवव्या प्लेटच्या कोपऱ्यावर बोट दाबलं. वर पाण्याची पिचकारी सोडली. सगळीकडे पाणी पसरलं; फक्त कोपऱ्यात, जिथे बोट टेकलं होतं तिथे, ते मागे हटलं. पाण्यात बोटाचा ठसा उरला, लांबट, रेषांसकट.

“बोटाची चूक असती तर ती बोटाच्या आकाराची असती,” ती म्हणाली. “आपले ठिपके सगळीकडे सारखे फाटत होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एवढं मोठं बोट कुणाचं आहे इथे? मायक्रोस्कोप तर रोज चालू होता. बघितलं का कुणी नाही? कारण बघायची गरजच नव्हती. गुन्हेगार सापडला होता. तिला लहान मूल होतं, तिच्या हाताला वास येत होता, आणि ती हसून ऐकून घेत होती.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “छान. फारच छान काम केलंत मॅडम. पिशव्या आजपासून बंद. बरण्या काढा परत. आणि तुम्ही अर्थातच आजपासून टेबलावर.” त्यांनी दोन्ही हात पसरले. “चला, मिटलं.”

“नाही मिटलं,” ती म्हणाली आणि मोजपट्टीकडे वळली. “तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी काकांकडून आठ प्लेटा नेल्या होत्या. त्यांच्यावर पाणी पसरलं, की गोळा झालं?”

मोजपट्टीचे कान लाल झाले. तो आधी सरांकडे बघू लागला, मग टेबलाकडे.

“तुम्हाला विचारतेय मी. पसरलं की गोळा झालं?”

“गोळा... पण मॅडम, आठ प्लेटांवरून काय सिद्ध होतं? मला अजून खात्री करायची होती. आणि सरांनी लॉगबुकात लिहूनसुद्धा टाकलं होतं, पिशव्या मी आणलेल्या, मग कसं...”

“पंधरा दिवस तुम्ही रोज सकाळी माझ्या हातावर कागद दाबलात. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही कागद उजेडाकडे धरलात.”

“तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नव्हता हो.”

“हेतू असता तर बरं झालं असतं. निदान माझ्याशी काही वैर आहे असं तरी वाटलं असतं. तुम्ही तर नुसते सरकलात. तुमच्या पिशवीसारखे.”

मागच्या बाजूला एक हसू फुटता फुटता गिळलं गेलं. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने लॉगबुक उघडून सरांसमोर ठेवलं, दोन्ही पानांवर बोट ठेवून. मलमाचं बोट, पानावर डाग पडला. पडू दे.

“हे खोडा.”

“अहो, खाली नवीन नोंद करू की. तुम्हीच लिहा, सविस्तर.”

“मी कशाला लिहू? मी लिहिलं तर ती माझी तक्रार होईल. तुम्ही लिहिलंय, तुम्ही खोडा. इथला नियमच आहे ना, एक रेघ, सही, तारीख. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवला होता मला.”

सर तिच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, लाजही नव्हती. होती फक्त किंचित अडचण, घरातल्या शहाण्या मुलाने पाहुण्यांसमोर हट्ट धरावा तशी. मग त्यांनी पेन काढलं. एक रेघ, सही, तारीख. पान उलटून पुन्हा एक रेघ, सही, तारीख. त्या सुंदर अक्षरात बाजूला लिहिलं : कारण, साठवणुकीची पिशवी.

त्या ओळीला कुणाचं आद्याक्षर नव्हतं. तिने ते बघितलं आणि सर वर बघतात तोवर बघत राहिली. पण ‘माफ करा’ हे दोन शब्द त्या खोलीत कुणाच्याच तोंडून बाहेर पडले नाहीत. अकराला सगळे चहाला गेले. जाताना एकाने तिच्या खांद्याशी येऊन कुजबुजत सांगितलं, “मस्त वाजवलीत हं.” जणू ती तिकीट लावून तमाशा दाखवत होती.

ती मात्र चहाला गेली नाही. तिने शिक्का मोजपट्टीच्या टेबलावरून उचलला, स्वतःच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

नवरा आज घरूनच काम करत होता. तिला भर दुपारी दारात बघून तो घाबरला. मग तिने चपला काढता काढता, पाणी पिता पिता सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, मध्येच उभा राहिला, म्हणाला, “मी येतो उद्या तुझ्या ऑफिसात. त्या मोजपट्टीला सरळ करतो.”

“तो सरळच आहे. तेच तर दुखणं आहे.”

“मग आता झालं ना सगळं नीट? सोड की राग.”

“का सोडू?”

आतून चिमणी उठल्याचा आवाज आला. ती धावली. टॉवेल दाराच्या खुंटीवर होता. तो तिथेच राहू दिला. उघड्या हातांनी पोरीला उचललं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. कोवळ्या पाठीवर दोन्ही तळवे, काही मध्ये नाही.

पण पोरीने अंग ताठ केलं. त्या सालपटलेल्या हातांनी तिला टोचलं असावं, किंवा आई असंही धरते हे ती विसरली असावी. तिने तोंड वाकडं केलं, दोन्ही हात दाराकडे पसरले आणि टाहो फोडला. “बाबा!”

नवरा पुढे आला नि तिथेच थांबला. त्याला घ्यावंसंही वाटत होतं आणि घेऊही नये असं वाटत होतं.

तिने पोरीला गादीवर बसवलं. मलम घेतलं, आधी स्वतःच्या हातांना चोळलं, बोटांच्या चिरा बुजेपर्यंत, मग पोरीच्या पायाला लावायला गेली. पोरीने पाय ओढून घेतला. गुडघ्यामागे लालभडक झालं होतं. तिथे नखांचे ताजे ओरखडे. हे तिने तीन आठवड्यांत जवळून बघितलंच नव्हतं. लॉगबुकातल्या रेघेने काय होणार होतं याचं? आणि त्यातले पंधरा दिवस! सगळं माहीत असूनही मोजपट्टी डब्यातली चपाती चार सारख्या भागांत फाडून खात होता आणि हिचे गुडघे असे होत होते.

“तू कसं लावतोस?” तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं. आवाज तिलाच कठीण वाटला.

“काय?”

“मलम. तुझ्याकडे गुपचूप बसते ना ती? कसं लावतोस?”

तो ओशाळला. “अगं, काही नाही... मोटारसायकल करतो. पायाच्या अंगठ्यापासून निघायचं, घुर्रर्र करत वर यायचं. गुडघ्याशी गिअर बदलायचा. पोटावर खड्डा असतो, तिथे धडाम करायचं. आणि अंगठ्यापासूनच, हं. मधूनच सुरू केलं तर तिला चालत नाही.”

माझ्या मुलीला काय चालतं ते मला दुसऱ्याला विचारावं लागतंय. ती दात आवळून म्हणाली, “गिअर कसा?”

“आवाज जरा खाली आणायचा. मग पुन्हा वर.”

तिने पोरीच्या डाव्या अंगठ्याला बोट लावलं. गळा साफ केला. पहिला घुर्रर्र इतका भयानक निघाला, की नवऱ्याने दचकून मान वर केली. त्यात सर होते, टिपकागद होता, सुंदर अक्षर होतं, रोज सकाळचं ते हसणं होतं. सगळा राग त्या मोटारसायकलमध्ये भरून ती घोट्यापर्यंत आली. तिथे थांबली नाही.

चिमणीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. डोळ्यांत पाणी तसंच, तोंड तसंच उघडं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, संशयाने, भुवया जवळ आणून, अगदी तिच्यासारखीच. पाय मात्र तिने मागे घेतला नाही.

“गिअर,” नवरा हळूच म्हणाला.

“कळतंय मला,” ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला.